उशाशी उंबरा

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली: यापुढे जमिनीवर निजायचं नाही. सासूबाई जन्मभर चटईवर निजलेल्या. गेलं वर्षभर त्यांना सकाळी चटईवरून उठवायला मी आणि माझे यजमान असे दोघं लागायचो, आणि त्यांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तेव्हा पलंग हवा होता, तोही त्यांच्या बेताच्या उंचीचा.

कुंभकोणमच्या बाजारातला एकही मला पसंत पडेना. एक डोंगराएवढा उंच, दुसऱ्याच्या डोक्यावर मोर. शाळेतली नोकरी सोडल्यापासून मला जुन्या लाकडातून टेबलं-कपाटं करायचं वेड लागलंय. "घरात माणसांपेक्षा लाकूड जास्त झालंय," असं यजमान म्हणतात, आणि मी केलेल्या टेबलावरच जेवतात. तिरुविडैमरुदूरच्या रस्त्याला पाडलेल्या घरांचं सामान विकणारं एक दुकान आहे. तिथून दाराची जुनी सागवानी चौकट सुटी करून आणली, एका मोडक्या बाकाचे पाय आणले. रंधा मारला, खिळ्यांची भोकं बुजवली. खोलीचं दार अरुंद, म्हणून सगळं नटबोल्टवर जोडलं. एक लाकूड मधोमध इतकं सुरेख झिजलेलं होतं की ते पायथ्याला लावून मी त्याला तेलाचा दुसरा हात दिला.

सासूबाई हॉस्पिटलातून आल्या, वॉकर धरून पलंगाजवळ गेल्या आणि थांबल्या. तेल प्यायल्यावर पायथ्याच्या लाकडाच्या रेषांतून पिवळं वर आलं होतं. मला तो सागाचाच रंग वाटला होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवून पाहिलं.

"हा उंबरा ग," त्या म्हणाल्या. "हळद आहे ही. कोण्या घरच्या बायकांनी शुक्रवारी-शुक्रवारी लावलेली. ह्याला पाय लावून निजू मी? चटई घाल."

चौकटीचं एक लाकूड खालचंही असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दर शुक्रवारी स्वतःच्या उंबऱ्यावर हळदीची बोटं ओढणारी मी! पण राग आला तो आधी त्यांचाच.

"डॉक्टर काय बोलले, अम्मा? सगळं ऑपरेशन पाण्यात जाईल!"

"जाऊ दे." त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिल्या. पाय सुजलेला, चेहरा ओढलेला. या एकदा चटईवर गेल्या तर नवा गुडघा टिकायचा कसा?

पलंग फिरवायला खोलीत जागा नव्हती, म्हणून यजमानांनी उशी दुसऱ्या टोकाला ठेवायचं सुचवलं. तसं केलं तर डोकं उत्तरेला येणार. सासूबाईंनी लेकाकडे असं पाहिलं की ते गुपचूप बाजूला झाले.

मी तावातावाने पाना आणला. ते लाकूड काढून परसात फेकून द्यायचं, एवढंच मनात होतं.

"फेकतेस काय?" सासूबाई म्हणाल्या. "पायाशी नको म्हटलं मी. देवळात उंबऱ्यावर डोकं टेकत नाहीस? उशाशी लाव."

मी एकेक बोल्ट सोडवला. उशाची फळी पायथ्याला गेली, उंबरा उशाला आला. सासूबाई हळूच आडव्या झाल्या. हात मागे नेऊन त्यांनी लाकडाला लावला, मग डोळ्यांना लावला. थोड्याच वेळात घोरायला लागल्या. इतकं हायसं वाटलं मला की पाना हातात धरून मी नुसती हसत सुटले, आणि यजमान मला गप्प करू लागले.

पुढे दहा-बारा दिवसांनी सकाळी जाऊन पाहते तर पलंग रिकामा. हाका मारत स्वयंपाकघरात धावले. सासूबाई ओट्याला टेकून उभ्या, वॉकर शेजारी, फिल्टरमधलं कॉफीचं डिकॉक्शन दुधात ओतत होत्या.

"ओरडतेस काय?" त्या म्हणाल्या. "तुम्ही निजला होता. मी उठले. कोणाला उठवलं नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं, सावकाश, आणि कॉफीचा पेला माझ्या हातात दिला.