बैलाचा दिवस आणि मोटरचा दिवस

“वाटणीपत्रात मोट कुठं लिहिलीय ते दाखवा,” न्यायाधीश म्हणाले. मी कागद चाळायचं नाटक केलं. मोट त्यात कुठंच नव्हती.

नेवाशाच्या कोर्टात माझं वकिलीचं दुसरंच वर्ष, आणि साल दुष्काळाचं. पक्षकार गऊबाई, घोडेगावजवळच्या. विधवा बाई, एक बैलजोडी, चाळीस मोसंबीची झाडं. विहीर त्यांची आणि धाकट्या दिराची, दगडूभाऊंची, सामाईक. सासऱ्यांच्या वाटणीपत्रात पाण्याची पाळी लिहिलेली: एक दिवस एका घराचा, दुसरा दुसऱ्याचा. दोन्ही घरं मोटेनं, म्हणजे बैलांनी ओढायच्या चामड्याच्या पखालीनं, पाणी काढायची. कधी तंटा झाला नव्हता. मग दगडूभाऊंनी पाच हॉर्सपॉवरची मोटर बसवली. आपल्या दिवशी ते विहिरीचा तळ गाठायचे. दुसऱ्या सकाळी पाणी घोट्याएवढं, त्यात मोट बुडतच नाही. मोसंबीची पानं गळायला लागली होती.

मी मनाई हुकमाचा दावा लावला. म्हणजे कोर्टानं मोटर बंदच करावी अशी मागणी. मोठ्या आवेशात मी दगडूभाऊंना लबाड लिहिलं होतं. गऊबाईंनी ते खोडायला लावलं.

“लबाड नका लिहू वकीलसाहेब. मी लगीन हून आले तवा त्यो एवढासा हुता. माज्या हातनं जेवलाय.”

अशा पक्षकारासाठी भांडायचं तरी कसं? मला रागही आला आणि बाई फार आवडल्याही.

समोरच्या वकिलांचं म्हणणं सरळ होतं. कागदात दिवस लिहिलाय, पाणी कशानं काढायचं ते लिहिलेलं नाही. दुर्दैवानं ते बरोबर होतं. न्यायाधीशांनी मला विचारलं, विहीर पाहिलीय का? नाही म्हणालो. “मग पाहून या,” म्हणाले आणि आठ दिवसांची तारीख दिली.

समोरच्या वकिलांना सांगून शनिवारी एसटीनं गेलो. दिवस दगडूभाऊंचा होता, मोटर चालू होती. गऊबाईंनी चहा आणला, पहिला कप दिराला दिला. मी दगडूभाऊंना विचारलं, पूर्वी तुम्हीही दिवसभरच पाणी काढत होता, मग दुसऱ्या दिवशी वहिनींना पुरायचं कसं? उत्तर गऊबाईंनी दिलं.

“दुपारी बैलं सोडाया लागायची. बैल दमतो, तवर झऱ्याला सवड मिळती. मोटर दमत न्हाई.”

सासऱ्यांनी वाटलेला दिवस बैलाचा होता. ते एवढं उघड होतं की कागदावर लिहायचं कुणाला सुचलंच नाही. कायद्याच्या पुस्तकात डोकं घालून बसलेल्या मला तर नाहीच नाही.

मी दगडूभाऊंना मोटर बंद करायची विनंती केली. कुरकुरत केली त्यांनी. लिंबाखाली आम्ही तिघं दोन-तीन तास बसलो. बुडाची कोरडी पायरी हळूहळू पाण्याखाली गेली. दगडूभाऊंनी तरुणपणी वीस वर्षं मोट हाकलेली. ते विहिरीत वाकून बराच वेळ बघत राहिले.

“व्हय वैनी,” ते म्हणाले. “बैलं सोडली की पानी चढायचं. इसरलोच हुतो.”

तारखेला आम्ही तडजोड दाखल केली. मोटर राहील. बारा ते तीन बंद राहील. पाणी ठरलेल्या पायरीखाली गेलं की त्या दिवसापुरती बंद. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. मोटरला दुपारची सुट्टी कोणत्या कायद्यानं, असं विचारलं. “दोघांच्या राजीखुशीनं, साहेब,” मी म्हणालो. त्यांनी सही केली.

चाळीसपैकी एकतीस झाडं जगली. पुढच्या वर्षी गऊबाईंनीही मोटर घेतली. दगडूभाऊंनीच ती बसवून दिली, आणि बारा वाजता ती बंद करायला न सांगता स्वतः आले.

तेव्हापासून पाण्याचा कागद करायला कुणी आलं, की मी आधी विहिरीवर जाऊन बसतो. कायद्याचं कलम नंतरही सापडतं.