इसोगाईंच्या हातमोज्याचा आवाज

सेतोच्या समुद्राकाठी असलेल्या एका बंदरातल्या व्यावसायिक बेसबॉल संघात तामोत्सु इसोगाई बावीस वर्षे नोकरीला होते. पण खऱ्या सामन्यात त्यांनी एकही चेंडू झेलला नव्हता. सामन्यापूर्वी कुंपणाआड पिचरचे, म्हणजे बेसबॉलमधल्या गोलंदाजाचे, चेंडू झेलून त्याचा हात मोकळा करून द्यायचा, एवढेच त्यांचे काम. मात्र चेंडू चामड्याच्या हातमोज्यात असा घ्यायचा, की आवाज खणखणीत निघावा. त्या आवाजाने पिचरचा स्वतःवर भरवसा बसतो.

यात इसोगाईंचा हातखंडा होता. मेलेला चेंडूही त्यांच्या तळव्यावर जिवंत होई. धीर देताना थोडे खोटे बोलावेच लागते, हे त्यांनी स्वतःपुरते केव्हाच मान्य केले होते.

त्या शनिवारी दुपारी समोर पिचर नोनोमुरा होता. छत्तीस वर्षांचा, सलग सात सामने हरलेला. आज हरला तर त्याची रवानगी क्लबच्या दुय्यम संघात होणार होती, आणि त्या वयात तिथून कोणी परतत नाही, हे दोघांनाही ठाऊक होते.

वेगवान चेंडू आले, मोजा दुमदुमला, नोनोमुराचा चेहरा उजळला. इसोगाईंच्या तळव्याला मात्र खरे ते कळले: वेग नव्हताच. उलट मध्येच टाकलेले संथ चेंडू पायरी चुकल्यासारखे अचानक खाली जात होते. पण संथ चेंडूला आवाज नसतो. नोनोमुराने त्यांची दखलही घेतली नाही.

"आज वेगानंच झोपवतो सगळ्यांना!" तो ओरडला.

आपल्या आवाजावर विसंबून हा माणूस फटके खायला निघाला होता. पुढचे पाच चेंडू इसोगाईंनी तळव्यावर न घेता मोज्याच्या जाळीत घेतले; आवाज निघालाच नाही.

नोनोमुरा तरातरा आला. "इसोगाई-सान, हात झोपलाय का तुमचा?"

"हात जागाच आहे. तुझा चेंडू झोपलाय."

"मघाशी तर तोफ वाजत होती!"

"तोफ माझी होती रे."

"म्हणजे, इतकी वर्षं?"

"सगळी नाही. निम्मी."

"हे आजच सांगायचं होतं?"

"आजच. संथ चेंडू टाक. तो कुठं पडतोय ते मलाच कळेना, फलंदाजाला काय कळणार?"

तो पाठ फिरवून मैदानाकडे निघून गेला. सामना सुरू होण्याआधीच आपण त्याला हरवले, असे इसोगाईंना वाटले.

पहिल्या डावात नोनोमुराने हट्टाने वेगवानच चेंडू टाकले. दोन फटके बसले; दोन तळांवर (बेसवर) प्रतिस्पर्धी धाव घ्यायला टपून उभे राहिले. तेव्हा त्याने एकदा कुंपणाआडच्या इसोगाईंकडे पाहिले आणि संथ चेंडू सोडला. धिप्पाड फलंदाज बॅट फिरवून मोकळा झाला तरी चेंडू अजून वाटेतच होता. साऱ्या मैदानात हशा पिकला.

त्यानंतर एकालाही धड फटका मारता आला नाही. सातव्या डावात नोनोमुराच्या संघाला एक धाव मिळाली, तीच पुरली. नवव्या डावातला शेवटचा फलंदाज तर इतक्या घाईने फिरला, की गुडघ्यावर बसला आणि स्वतःच हसू लागला. प्रेक्षकांनी आकाशात विजयाचे फुगे सोडले.

विजयवीराच्या मुलाखतीच्या मंचावरून उतरून नोनोमुरा थेट इसोगाईंपाशी आला आणि आदराने कमरेत वाकला.

"तुमच्यावर राग आहे माझा."

"असू दे."

"पुढच्या शनिवारी पण तुम्हीच झेलायचं."

"खरं बोलू ना?"

नोनोमुराने क्षणभर विचार केला. "सोसवेल तेवढं," तो म्हणाला, आणि दोघेही मोठ्याने हसले.