आधी छाती, मग पोट

"छाती आन् पोट, दोन्ही एकाच येळी फाडनार?" बापूंनी विचारलं.

"फाडणार नाही, उघडणार. आणि परत शिवणारही आहोत," मी म्हणालो.

बापू काष्टीच्या बाजारातले बैलांचे व्यापारी. मी नगरला हृदयाची ऑपरेशनं करतो. त्यांच्या हृदयाच्या तिन्ही रक्तवाहिन्या तुंबलेल्या, शिवाय मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ. शौचातून रक्त जायचं, ते मूळव्याध समजून बापूंनी लपवलेलं. आधी गाठ काढावी, तर हृदय टेबलावरच दगा देणार. आधी बायपास करून थांबावं, तर रक्त पातळ करणारी औषधं सुरू होणार, आणि गाठीतून तर आधीच रक्त जात होतं.

पोटाचे सर्जन डॉ. मुळे म्हणाले, "एकाच भुलीत दोन्ही उरकू. पण आतड्यातली घाण तुमच्या छातीच्या जखमेत गेली तर?"

"म्हणून आधी मी. छाती शिवून, झाकून देतो. मग तुम्ही. हत्यारंसुद्धा वेगळी."

बापू सही करेनात. काकू, म्हणजे त्यांची बायको, उशाशीच बसलेल्या. बापूंनी खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकला आणि खालून माझी बोटं धरली. बाजारात बैलाचा भाव असाच ठरतो, बघणाऱ्याला कळू नये म्हणून.

"धा जनांतले किती वाचत्यात? खरं सांगा."

मी टॉवेलखाली आधी पंजा दाबला, मग तीन बोटं. आठ.

बापूंनी टॉवेल परत खांद्यावर टाकला. मग बायकोला म्हणाले, "काय काळजी न्हाई गं." आणि सही केली.

हृदय बंद न करता, धडधडत्या हृदयावरच बायपास केली. मग मुळ्यांनी गाठ काढून आतडं जोडलं. मॉनिटरवर सगळं झकास. मला मात्र चैन नाही. आतड्याचा जोड सुटला असता, तर विष अंगभर पसरून माझी बायपास शोभेची झाली असती. आतडं कामाला लागल्याची पहिली खूण म्हणजे गॅस सुटणं. हृदयाचा डॉक्टर असून मी त्यासाठी देव पाण्यात ठेवले होते! राउंडला रोज तेच विचारायचो. बापू लाजून भिंतीकडं बघायचे.

एका सकाळी काकू भर ओपीडीत धावत आल्या. "डाक्टर, सुटला! लई मोठा!"

सगळे हसले. माझे डोळे भरून आले.

बापू चालत घरी गेले. तेव्हापासून ज्युनियरांना एवढंच सांगतो: हृदय कितीही छान चालू दे, आतड्यानं होकार दिल्याशिवाय नातेवाइकांचे पेढे घेऊ नका.