जिन्याखालची आत्या

लातूरला क्लासच्या गल्लीजवळ आमचं दोन मजली घर आहे. वडील एका संस्थेत कारकून, आई शाळेत शिकवायची. किल्लारीला भूकंपानंतर आजोबांना बांधून मिळालेलं घर विकून आणि वर कर्ज काढून वडिलांनी हे उभारलं. विक्रीच्या कागदावर आत्याचीही सही लागत होती. तिनं लगेच केली, कारण वडील म्हणाले होते, "लातूरचं घर तुझं बी हाय, अक्का." आत्याला नवऱ्यानं टाकलं होतं. ती आमच्याकडेच राहायची. मला तिनंच वाढवलं.

कर्जाचे हप्ते जड जायला लागले तसे आम्ही घरातल्या घरात आकसत गेलो. वरचा मजला डॉक्टर व्हायला आलेल्या मुलांना दिला. मग पुढची खोली, मग आई-वडिलांची. आम्ही तिघं मधल्या खोलीत आलो. आत्यासाठी वडिलांनी जिन्याखालची स्कूटर बाहेर काढली, तिथं बाज टाकली आणि पुढं चादर बांधली.

आत्या चांगली उंच. तिथं तिला ताठ उभं राहता यायचं नाही. साडी नेसायला ती न्हाणीत जायची. मी काही बोलले तर आई म्हणायची, "झोपायला माणसाला जागा लागतीच किती?"

मुलांचं जेवण आत्याच रांधायची. मुलं तिला मावशी म्हणायची. "मावशी नाही, आत्या म्हणा," असं ती सुरुवातीला सांगायची. पुढं तिनं सांगणं सोडलं.

एकदा हदगावचे एक गृहस्थ मुलासाठी खोली बघायला आले. आत्या ओट्याशी भाकरी थापत होती. त्यांनी विचारलं, "या कोण?"

वडील म्हणाले, "स्वयंपाकाची बाई. इथंच असती, काळजी नको."

आत्याचा हात थांबला. परातीतली भाकरी तिनं उचलली, परत मोडली, गोळा केला आणि पुन्हा थापायला घेतली. पाहुणे गेल्यावर तिनं वडिलांना एवढंच विचारलं, "बहीण म्हणायला लाज वाटली का रं?"

"लोकांना काय काय सांगत बसू?" वडील म्हणाले. "बहीण म्हणलं की ते विचारणार, जिन्याखाली का झोपती? अन् तू फुकट राहतीस, एवढं तरी समजून घे."

त्या दिवशी आत्या जेवली नाही. आईनं तिची भाकरी वरच्या पोरांच्या डब्यात घातली.

पुढच्या वर्षी खानावळीचे डबे सुरू झाले. आत्याच्या हाताचं काम संपलं. त्याच सुमाराला एक गरीब पोरगा कमी भाड्याची जागा शोधत आला आणि जिन्याखालची जागासुद्धा चालेल म्हणाला. वडिलांनी आत्याला सांगितलं, "तू गावाकडं जा काही दिवस."

"गावाकडं कुठं?" आत्या म्हणाली. "घर तर तू विकलंस."

"चुलत्याकडं राहा. न्हाई कोण म्हणतंय?"

ती चुलत्याकडं गेली नाही. नांदेडला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला बाई हवी होती, जागाही मिळणार होती. दोन पिशव्या घेऊन ती निघाली. मी बस स्टँडवर तिच्याबरोबर गेले. बस लागल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "शीक." वडिलांनी नात्यात सांगितलं की अक्का हट्टानं गेली, आम्ही लई अडवलं.

मी बारावी झाले आणि मला नांदेडच्याच कॉलेजात प्रवेश मिळाला. वडील मला घेऊन सरळ आत्याच्या वसतिगृहावर गेले. तिची खोली कोठीला लागून होती. बाज, एक ट्रंक, भिंतीला कांद्याची पोती. वडील बाजेवर बसले, त्यांनी खोलीवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "दोघींना पुरतंय की. पोरीचं भाडं वाचंल."

आत्या दारातच उभी होती. "न्हाई," ती म्हणाली.

"भाची हाय तुझी."

"हाव, भाची हाय. मीच न्हाऊ-माखू घातलंय तिला. पण हितं न्हाई ठेवणार. एकटीला नीट झोप लागायला लागलीय मला. ती बी तुला बघवंना का?"

वडील उठले. आत्यानं त्यांना पाणी दिलं, मला दिलं, आणि आम्ही बाहेर पडलो तशी आतून कडी घातली.

मी चौघींत एक खोली घेतली. दर रविवारी आत्याला भेटायला जायचे. पहिले काही रविवार ती फाटकापर्यंत आली, बाहेरच्या बाकावर बसवून तिनं मला चहा पाजला, अभ्यासाचं विचारलं. आत ये, असं एकदाही म्हणाली नाही. मग वॉचमन सांगू लागला की मावशी कामात आहेत. पत्र्याच्या शेडखाली मला ती कांदे निवडत बसलेली दिसायची. तिलाही मी दिसत असणार. वर न बघता ती कांदे निवडत राहायची.

कर्ज केव्हाच फिटलं. आई-वडील अजून मधल्या खोलीतच राहतात.