भोरड्यांपुरती बाई

आभाळ कोरडं असताना ती छत्री उघडायची, दांडा मानेत अडकवायची आणि आमच्या कार्यालयाचं आवार झाडायला लागायची. हिवाळ्यातल्या संध्याकाळी सोलापुरात छत्री बघून नवा माणूस हसायचाच. तेवढ्यात त्याच्या शर्टावर भोरडी शिटायची. "हसा की आता!" ती म्हणायची.

काळं डोकं, गुलाबी अंग, डोक्यावर शेंडी. दिवाळीच्या सुमारास या भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, आवारातल्या दोन चिंचांवर हजारोंनी मुक्कामाला यायच्या. दुर्बीण माझ्याकडं होती, अक्कल तिच्याकडं. खराट्याच्या टोकानं घाण परतून ती सांगायची, "परवापत्तर जांभळं पडत हुतं, घाणेरीची फळं. आज पांढरं हाय. शेतात हुरडा आला बगा."

एकदा पंख मोडलेली भोरडी मी खोक्यात ठेवून पाणी पाजत होतो. तिनं ती उचलली आणि मान मुरगळली. "तुमच्या दयेनं तीन दिस मरत बसली असती, सायेब."

"उन्हाळ्यात ह्या गेल्या की मी बी घरी," असं ती दरवर्षी म्हणायची. मी हसायचो. खरं तर दर दिवाळीला हजेरीपटावर तिचं नाव मीच लिहायचो, रोजंदारीवर, भोरड्यांपुरतं. तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही.

एका हिवाळ्यात तिची कंबर धरलेली पाहून मला कळवळा आला. मी मोठ्या साहेबांना दोन पानी अर्ज दिला आणि पुढच्या दिवाळीच्या आधीच दोन्ही चिंचा बुंध्यापर्यंत छाटून घेतल्या. साहेबांनी पाठ थोपटली. "आता बाई कशाला लागतेय? सांगून टाका तिला." निरोप्या अर्थातच मी.

कामावर रुजू व्हायला ती आली आणि बुंध्यांकडं बघतच राहिली.

"कुणी केलं?"

"मावशी, तुमचा त्रास वाचावा म्हणून मी..."

"व्हय? लई उपकार झाले."

मग मी निरोप सांगितला. ती फाटकापाशी जाऊन बसली. सूर्य कलल्यावर थवा आला. बुंध्यांवर दोन घिरट्या घालून तो वळला. मी तिच्याजवळ जाऊन पुस्तकातलं बोललो, "या मध्य आशियातून येतात, मावशी. टोळांच्या मागं फिरतात तिकडं."

"त्ये ऱ्हाऊ द्या. आज कुटं उतरतील, त्येवडं सांगा. तितं बी झाडाया बाई लागंल."

मला माहीत नव्हतं.

ती उठली आणि होटगी रस्त्यानं, थवा गेला तिकडं, मान वर करून चालायला लागली. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते. तिनं खाली बघितलं नाही.