याकोबानं मोटार अडवली

याकोब साळव्याचा टांगा नगर ते जेऊर वीस वर्षं धावला. नाताळच्या सुट्टीत शहरातले ख्रिस्ती मास्तर, नर्सा, सुतार गावी निघत, तेव्हा त्यांच्या दारापुढं घोडी उभी करून याकोब आधी विचारायचा, “चूल इझवली का?” मग कंदील, मग मागच्या दाराची कडी. खात्री पटल्याशिवाय तो कुणाला टांग्यात बसू देत नसे. जास्तीचं माणूस त्यानं कधी कोंबलं नाही, उतारावर घोडी पळवली नाही. लोक हसत, पण त्याच्यासाठी थांबत.

बेचाळीस साली खाजाभाईनं त्या रस्त्यावर मोटार आणली. लढाईमुळं पेट्रोल मिळेना, म्हणून कोळशाच्या गॅसवर चालणारी, मागं कोळशाची भट्टी लावलेली. खाजाभाई सगळ्यांशी हसून बोलायचा, आणि याकोबाला ते हसणंच सोसवत नसे. पंधरा नाताळ ज्यांचं सामान त्यानं वाहिलं, ते मोझेस मास्तरही मोटारीत बसले, तेव्हा तो दोन दिवस नीट जेवला नाही.

“एक दिस भट्टी फुटंल तिची,” तो बायकोला म्हणाला.

“फुटावी आसं वाटतं व्हय तुमाला?” मरियानं विचारलं. याकोब घोडीला चारा टाकायला उठला.

पुढच्या वर्षी, नाताळच्या आदल्या दिवशी, तो रिकामा टांगा घेऊन जेऊरहून नगरकडे येत होता. ओढ्यावरच्या मोरीजवळ घोडी अडली. उतरून पाहिलं, तर मोरीची एक बाजू खालून ढासळलेली, वर नुसता मुरमाचा पातळ थर. त्यानं टांगा ओढ्यातून काढला. दुपारी मोटार याच वाटेनं येणार होती, खच्चून भरून.

“अडकू दे एकदा,” तो स्वतःशीच म्हणाला. मैलभर ते त्याला गोड लागलं.

मग समोर धुरळा दिसला. याकोबानं टांगा कडेला घेतला, वाट मोकळी केली. मोटार जवळ आली. खिडकीत रेबेका नर्स होती, मांडीवर तान्हं मूल. याकोबानं लगाम खेचला आणि टांगा रस्त्यात आडवा घातला.

“पोटात दुखतंय त्याच्या,” आतून कुणीतरी म्हणालं. बरेच जण हसले.

खाजाभाई खाली उतरला. “काय झालं, याकोबदादा?”

“मोरी गेलीय. मानसं उतरवून न्या.”

मोरीपाशी खाजाभाईनं मोटारीतली पहार टेकवली, तशी ती मुरमातून आरपार गेली. त्यानं सगळ्यांना चालत पलीकडे पाठवलं आणि रिकामी मोटार ओढ्यातून सावकाश काढली. मागोमाग आलेला याकोब, कुणी वर जाऊ नये म्हणून, बाभळीच्या फांद्या तोडून मोरीच्या दोन्ही तोंडांशी टाकत होता. पलीकडून मोझेस मास्तरांचा आवाज आला, “खाजाभाई, तुम्ही होता म्हणून निभावलं.”

“मी न्हाई, याकोबदादा होते,” खाजाभाई म्हणाला. पण लोक चढायच्या घाईत होते. हातात काटे रुतले असताना याकोबाला वाटलं, मोटार अडवलीच नसती तर बरं झालं असतं. त्या विचाराची त्याला लगेच भीती वाटली.

घरी त्यानं मरियाला सगळं सांगितलं, मैलभर जे गोड लागलं तेसुद्धा. ती त्याच्या तळहातातले काटे काढत राहिली.

पुढं दर सणाला खाजाभाई मोटार थांबवून त्याला रस्ता विचारू लागला. याकोब तुटक बोलायचा, तोंड फिरवून. पण कुठं खड्डा, कुठं पाणी, ते नेमकं सांगायचा.