मुरुव्वेतची दगडी सवत

आमच्या मुरुव्वेतला सवत होती, आणि ती दगडाची होती. वयाने तिच्याहून चारशे वर्षांनी मोठी, डोक्यावर शिशाचं आवरण, उजव्या अंगाला एकच मिनार आणि भिंतीत चिमण्यांसाठी कोरलेली इवली इवली घरं. सर्वीनाझ हातून मशीद, हातून म्हणजे बाईसाहेब. एदिर्नेत तुंजा नदीच्या काठी आमची आळी आहे, तिच्या टोकाला ती बसलीय.

मला आळीत सगळे पाकिझे अब्ला म्हणतात, सगळ्यांची थोरली बहीण असल्यासारखं. लेकरांची, नव्या नवऱ्यांची, व्यालेल्या गाईंची दृष्ट मीच काढते. डोक्यावर चादर धरायची, तिच्यावर गार पाण्याचं भांडं, आणि त्यात वितळलेलं शिसं ओतायचं. चर्र आवाज होतो आणि नजर फुटते. कोण कुणावर जळतंय हे त्यामुळे मला सगळ्यांच्या आधी कळतं. पण मुरुव्वेतसारखं जळणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, आणि तेही एका इमारतीवर!

ती केशानकडच्या खेड्यातून लग्न होऊन आली. नवरा नाझ्मी उस्ता, घुमटांना शिशाचे पत्रे चढवणारा कारागीर. बाप तेच करायचा, आजाही तेच. बल्गारांच्या वेढ्यात तोफेचा गोळा या मशिदीच्या घुमटावर पडला, तेव्हा भोक बुजवायला आजाच वर चढला होता. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात नाझ्मीने बायकोला मशिदीत नेलं आणि बरोब्बर मधोमध उभं केलं.

"वर बघ. मध्ये एक तरी खांब दिसतो का? घुमट आपलं ओझं दोन अर्ध्या घुमटांना देतो, ते कमानींना देतात, कमानी भिंतींना. कुणालाच जड होत नाही."

"आमच्या घरात सासूबाईंनी सगळं ओझं मला एकटीलाच दिलंय," मुरुव्वेत म्हणाली.

नाझ्मीचं लक्ष कुठे होतं! तो सर्वीनाझ हातूनची गोष्ट सांगायला लागला. ती एका पाशाची विधवा. मोत्यांचा कमरपट्टा विकून तिने पाया घातला, आणि बुरखा घेऊन रोज पाथरवटांच्या शेजारी येऊन बसायची. तिला दोन मिनार हवे होते, पण दोन मिनारांचा मान फक्त सुलतानाच्या घराण्याचा. मग तिने एकच बांधून घेतला, पण असा सडपातळ, की दुसऱ्याची आठवण होऊ नये. "काय कंबर आहे बघ," नाझ्मी म्हणाला.

झालं. संध्याकाळी मुरुव्वेत माझ्या दारात.

"अब्ला, नव्या बायकोसमोर कुणी दुसरीची कंबर दाखवतं का गं?"

"अगं वेडे, मिनार आहे तो."

"मिनार असो नाहीतर आणखी काही असो. कंबर म्हणाला तो."

तेव्हापासून जी आग लागली ती विझलीच नाही. खरं सांगायचं तर तिचंही चुकत नव्हतं. नाझ्मी पहाटे त्या घुमटावर चढायचा तो अंधार पडेपर्यंत तिथेच. त्याच्या स्वतःच्या घराची कौलं फुटली होती. पाऊस आला की बसायच्या दिवाणावर धार लागायची, आणि मुरुव्वेत तिथे घंगाळ ठेवायची. ती म्हणायची, "माझा नवरा आख्ख्या गावात देवाच्या घरांना छप्पर घालतो, आणि मी घंगाळाशेजारी झोपते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याच घरात पडलाय."

नवरा घरी आला की ती गोड आवाजात विचारायची, "आज कशी होती ती?"

टोमणा कळेल तर तो नाझ्मी कसला! हात धुता धुता सरळ उत्तर द्यायचा. "उन्हाने दक्षिणेकडून जरा फुगलीय. गार पडलं की बसेल खाली."

मग भांडी आपटल्याचा आवाज माझ्या घरापर्यंत यायचा.

तरी त्याचं दही तिने, एक दिवस सोडला तर, कधी चुकवलं नाही. शिशाचा धूर पोटात जातो आणि आतडी पिळून काढतो, म्हणून हे कारागीर रोज दही खातात. मुरुव्वेत मातीच्या बोळक्यात विरजण लावायची आणि त्याच्या हातात देताना म्हणायची, "विष तिचं, उतारा माझा."

तिच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी घुमटासमोर. पहिल्या वर्षी तिने रागाने पडदा लावला. महिन्याभरात काढून टाकला. का काढलास विचारलं तर म्हणाली, "ती काय करते ते मला कळायला नको?" मग कणीक मळताना, भाजी निवडताना, कपडे पिळताना तिची नजर त्या शिशावर. मलासुद्धा तिने सोडलं नाही. नाझ्मी जुन्या पत्र्याचा तुकडा दृष्टीसाठी मला आणून द्यायचा, कारण घुमटाने इतक्या नमाजा ऐकलेल्या असतात की त्याच्या शिशाला गुण येतो. मुरुव्वेतने ते पाहिलं आणि कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. "तिचे दागिने तुझ्या घरी आणि मला काय? घंगाळ!"

असा संसार चालला. मुलं झाली, मोठी झाली, पांगली. मग एका उन्हाळ्यात सगळा घुमट नव्याने मढवायचं ठरलं. जुने पत्रे उतरवून अंगणात वितळवले, वाळूच्या वाफ्यावर ओतून नवे केले, वर चिखल आणि गवताची गादी घालून त्यावर बसवले. दोन पत्र्यांची कड एकत्र दुमडतात, आणि ती घडी नेहमी पावसाच्या वाऱ्याकडे पाठ करून घालतात. नाझ्मीने सगळं स्वतःच्या हाताने केलं. घुमट लख्ख झाला. आळीभर माशाल्ला माशाल्ला झालं. एकटी मुरुव्वेत नाक मुरडून म्हणाली, "वय चारशे आणि हौस सोळाची."

पानगळीच्या पहिल्या पावसात मशिदीत पाणी ठिबकलं. तेही मेहराबीसमोर, इमामाच्या गालिच्यावर.

नाझ्मी वर गेला, ठोकलं, तपासलं. पुढच्या पावसात पुन्हा तेच. पाणी शिरतं एकीकडून आणि टपकतं भलतीकडून, आणि गुडघे टेकून वर बसलेल्याला सगळे पत्रे सारखेच दिसतात. तिसऱ्यांदा ठिबकलं तेव्हा इमाम फेहमी एफेंदी त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "उस्ता, आता इस्तंबूलहून माणसं मागवतोय. तुम्ही घरी आराम करा." आणि वर जायच्या जिन्याची किल्ली मागून घेतली. तीन पिढ्यांची किल्ली ती.

नाझ्मी घरी आला आणि दुसऱ्या दिवशी निमूटपणे आपल्या घराची कौलं बदलली. घर कोरडं ठणठणीत झालं.

मुरुव्वेत काय फुलली म्हणून सांगू! "अब्ला, दुपारचा चहा माझ्यासोबत घेतो आता." बाजारात जाताना त्याला शेजारी घेऊन चालायची, आणि मशिदीवरून जाताना मान अशी ताठ, की जिंकलेला घोडा मिरवतेय. पण नाझ्मी दिवाणावर बसायचा तो खिडकीकडे पाठ करून. जेवण अर्धं टाकायचा. दह्याचं बोळकं भरलेलंच राहून आंबट व्हायचं. आणि चहाच्या दुकानात लोक म्हणायला लागले की घुमटाला कुणाची तरी नजर लागली.

एक दिवस ती माझ्याकडे आली आणि दार लावून घेतलं.

"अब्ला, शिसं ओत."

"कुणावर? नाझ्मीवर?"

"तिच्यावर. मशिदीवर. माझीच नजर लागलीय गं तिला. एवढी वर्षं जळतेय मी."

"घुमटावर धरायला एवढी चादर कुठून आणू, बाई? तुझ्या हुंड्यात आलीय का?" मला हसू आवरेना. "आणि इतकं टक लावून बघत होतीस, तर तुलाच दिसलं असेल की कुठे बिघडलंय ते!"

मी चेष्टा केली होती. पण ती माझ्या दृष्टीच्या चादरीचा काठ बोटाला गुंडाळायला लागली. माझं हसू थांबलं.

"मुरुव्वेत. तुला ठाऊक आहे?"

"पाऊस थांबला की सगळी वाळते ती. उत्तरेच्या अर्ध्या घुमटाच्या मानेखाली, खिडकीच्या वर, एक डाग दुपारपर्यंत काळा राहतो. आधी कधी राहत नव्हता."

"आणि नवऱ्याला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं तर तो परत जाईल ना!" ती ओरडलीच. "पहिल्यांदा माझा झालाय तो, अब्ला. पहिल्यांदा."

"हा तुझा झालेला? तो पाठ करून बसलेला?" मीही आवाज चढवला. "इस्तंबूलची माणसं आली की तो तिच्या हातून जाईल आणि तुझ्याही हातून. मग बस कोरड्या घरात एकटी."

ती रडली, नाक पुसलं, आणि उठून गेली. मी मागोमाग गेले. म्हटलं हिचा नेम नाही. ती नवऱ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अहो, तुमच्या त्या बाईची उत्तरेकडची मान दुखतेय. खिडकीच्या वर. जा, बघा."

नाझ्मीने मान वळवली. "तुला कसं ठाऊक?"

"या खिडकीतून मी आयुष्यभर दुसरं काय बघितलंय?"

तो अनवाणीच धावला. इमामांनी किल्ली दिली. एका पत्र्याची घडी उलटी, पावसाच्या वाऱ्याला तोंड करून दुमडली होती. शिकाऊ पोरसुद्धा करणार नाही अशी चूक, आणि हात त्याचाच. संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, "तो पत्रा बसवला त्या दिवशी आपलं भांडण झालं होतं. तू दही दिलं नव्हतंस. डोकं ठिकाणावर नव्हतं माझं."

"म्हणजे लागली ना माझीच नजर," मुरुव्वेत म्हणाली, आणि मला वाटतं तिला त्यात थोडा आनंदच झाला.

त्यानंतर नाझ्मी घरी आला की हात धुता धुता तोच विचारायचा, "आज कशी दिसत होती ती?" आणि ही सांगायची. वर बसलेल्याला घुमट कधी पूर्ण दिसत नाही. कौतुक मात्र तिने एकदाही केलं नाही. "पूर्वेकडून मळलीय. तुमचंच लक्ष नाही," असंच सांगायची.

नाझ्मी वारला तेव्हा शेवटच्या नमाजासाठी त्याची शवपेटी मशिदीच्या अंगणातल्या दगडावर ठेवली होती. मुरुव्वेत माझा हात घट्ट धरून म्हणाली, "बघ, शेवटी तिच्याच दारात."

यंदा पुन्हा पत्रे दुरुस्त करायला नवा कारागीर आला. सकाळी मुरुव्वेतने मला हाका मारून बोलावलं. गेले तर खिडकी सताड उघडी आणि ही अर्धी बाहेर.

"बघ, बघ त्या मेल्याला! बूट घालून चढलाय तिच्यावर. नाझ्मी नुसत्या मोज्यांवर चढायचा, बुटांनी शिशाला खड्डे पडतात. ए! हळू! बाईमाणूस आहे ती!"

"मुरुव्वेत, सवत ना गं ती तुझी?"

"आहेच. मेल्यावरही नवरा तिच्याच अंगणातून गेला, विसरले नाही मी." तिचे डोळे भरले होते, पण रागाने की कशाने ते मी विचारलं नाही. "पण माझ्या घरातली आहे. परक्या पुरुषाने तिला असं हाताळलेलं मला खपायचं नाही."

मग ती आत गेली, फडताळातून मातीचं बोळकं काढलं आणि माझ्या हातात दिलं. विरजण रात्रीच लावलेलं होतं.

"हे त्याला नेऊन दे. शिशाचा धूर वाईट. आणि सांग, आधी बूट काढ."